गेमची किंमत पारखायची कशी: बेस गेम, डीएलसी आणि एक्स्पान्शन घेण्याआधी

नवा गेमर दुकानाचं पान उघडतो आणि समोर एकाच गेमच्या तीन एडिशन्स दिसतात: साधी, डीलक्स आणि अल्टिमेट. खाली डीएलसीची, म्हणजे गेमसाठी वेगळी डाउनलोड करायच्या भरीची, लांबलचक यादी, त्यात कुठे कपडे, कुठे नकाशा, कुठे साउंडट्रॅक. बाजूला सीझन पास, म्हणजे पुढच्या डीएलसींचा आगाऊ विकलेला गठ्ठा, ज्यातल्या निम्म्या गोष्टी अजून बनायच्या आहेत. नेमकं काय घेतलं की गेम पूर्ण मिळतो, हे पानावर कुठेच एका ओळीत लिहिलेलं नसतं. मग माणूस सगळ्यात महाग एडिशन घेऊन मोकळा होतो, नाहीतर वैतागून काहीच घेत नाही.

हा लेख त्या पानासमोर बसलेल्या माणसासाठी आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: गेम महाग की स्वस्त, हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघायचं की जे विकलं जातंय ते स्वतःच्या पायावर उभं आहे का. एक्स्पान्शन, म्हणजे गेमला जोडलेली मोठी भर, घेतलं नाही तरी बेस गेम, म्हणजे मूळ गेम, पुरा वाटला पाहिजे, आणि एक्स्पान्शन घेतलं तर त्यानं गेममध्ये खरोखर भर घातली पाहिजे. हे जमलेलं असेल तर चढी किंमतही रास्त असू शकते. जमलेलं नसेल तर अर्ध्या किमतीतही सौदा वाईटच.

पायरी १: विकायला काय ठेवलंय ते आधी ओळखा

डीएलसी या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. 'ऑब्लिव्हियन' या गेमचंच उदाहरण घ्या. २००६ च्या एप्रिलमध्ये बेथेस्डानं त्यासाठी घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. खेळाडू भडकले, आणि 'हॉर्स आर्मर' हे नाव फुटकळ डीएलसीसाठी आजही घेतलं जातं. पुढच्याच वर्षी त्याच गेमसाठी 'शिव्हरिंग आइल्स' हे एक्स्पान्शन आलं. त्यात नवा प्रदेश, नवी कथा, नवी पात्रं होती, आणि किंमत चिलखताच्या कितीतरी पट होती. तरी त्यावर तशी ओरड झाली नाही. गेम तोच, कंपनी तीच, पण लोकांना दोन्हींतला फरक बरोबर कळला होता.

म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे मनातल्या मनात एक खूण करा. नवी कथा, नवा प्रदेश किंवा खेळायची नवी पद्धत असेल तर ते एक्स्पान्शन. नवं पात्र, नवा नकाशा, एखादी मोहीम असेल तर ती मधल्या आकाराची डीएलसी. कपडे, रंग, बंदुकीचं कातडं म्हणजे स्किन, ही फक्त सजावट. अनुभवाचे गुण दुप्पट मिळणं किंवा सुरुवातीलाच सोनं मिळणं असली पॅक्स ही वेळ वाचवण्याची विक्री, आणि तिच्याबद्दल पुढे बोलूच. साउंडट्रॅक आणि आर्टबुकचा खेळण्याशी संबंध नाही. आवडलं तर घ्या, पण गेमच्या किमतीत ते धरू नका.

डीलक्स आणि अल्टिमेट एडिशन्सची फोड अशी करून बघितली की बऱ्याचदा दिसतं ते असं: वाढीव किमतीतला मोठा वाटा सजावटीचा, आणि उरलेला 'लवकर खेळायला मिळण्याचा', म्हणजे गेम इतरांच्या काही दिवस आधी सुरू होण्याचा. त्या काही दिवसांचे पैसे देण्यात मला कधीच अर्थ दिसला नाही. पहिल्या दिवसांत गेममध्ये सगळ्यात जास्त बग असतात, आणि ते दुरुस्त करणारा पॅच ज्याला तुमच्या मागून कमी पैशांत गेम मिळतो त्याला आपोआप मिळतो.

पायरी २: बेस गेम पुरा आहे का

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

२०१२ मध्ये दोन गेम्सवरून मोठा वाद झाला. 'मास इफेक्ट ३' आला त्याच दिवशी 'फ्रॉम अॅशेस' ही दहा डॉलरची डीएलसीही आली. तिच्यात जाविक नावाचं पात्र होतं. ज्या प्रोथियन जमातीच्या गूढावर पूर्ण मालिकेची कथा उभी आहे, त्या जमातीतला तो एकमेव जिवंत उरलेला. कलेक्टर्स एडिशन घेणाऱ्याला तो मिळत होता, साधी एडिशन घेणाऱ्याला नाही. त्याच वर्षी 'स्ट्रीट फायटर एक्स टेकन'च्या डिस्कवरच १२ पात्रं कुलूपबंद अवस्थेत असल्याचं उघड झालं. ती पात्रं नंतर पैसे घेऊन उघडून दिली जाणार होती. डिस्क विकत घेतलेल्या माणसाच्या हातात माल होता आणि किल्ली गेमची कंपनी कॅपकॉमकडे.

इथे एक गोष्ट निर्मात्यांच्या बाजूनंही सांगायला हवी. गेम बाजारात यायच्या काही महिने आधी कथा, चित्रं आणि पात्रांचं काम संपत आलेलं असतं, आणि उरतं ते बग शोधणं आणि कन्सोल कंपन्यांची मंजुरी मिळवणं. या काळात चित्रकार आणि लेखक पुढच्या डीएलसीवर काम सुरू करतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी आलेली प्रत्येक डीएलसी मूळ गेममधून कापून काढलेली असते, असं समजणं चूक ठरेल. तारखेवरून निकाल देऊ नका. डीएलसीत काय आहे ते बघा. बाजूची एखादी मोहीम असेल तर ठीक. मुख्य कथेचा सांधा, खरा शेवट किंवा ज्याच्याभोवती सगळं फिरतं असं पात्र असेल तर गेम अपुरा विकलाय, मग त्याची तारीख कोणतीही असो.

उलट बाजूचं उदाहरण 'द विचर ३'. गेम २०१५ च्या मेमध्ये आला. कथा पुरी, शेवट पुरा. त्यानंतर सीडी प्रोजेक्टनं १६ छोट्या डीएलसी सगळ्यांना फुकट दिल्या. कपडे, नवी कामं, केशरचना असल्या गोष्टी, ज्यांचे इतरांनी सहज पैसे लावले असते. विकली ती फक्त दोन एक्स्पान्शन्स: ऑक्टोबर २०१५ मध्ये 'हार्ट्स ऑफ स्टोन' दहा डॉलरला, आणि मे २०१६ मध्ये 'ब्लड अँड वाइन' वीस डॉलरला. दुसऱ्यात तूसाँ नावाचा अख्खा नवा प्रांत आहे. दोन्ही न घेणाऱ्याला मूळ गेममध्ये कुठेही भोक जाणवत नाही, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतलं हे पहिल्या तासात कळतं. एक्स्पान्शनची किंमत ठरवताना हे माप मनात ठेवायला हरकत नाही.

आता हे तपासायचं कसं? ट्रेलर बघून कळत नाही. गेम येऊन एक-दोन आठवडे झाल्यावर, फक्त बेस गेम पूर्ण केलेल्या लोकांचे रिव्ह्यू वाचा आणि एकच गोष्ट शोधा: शेवटाबद्दल ते काय म्हणतात. 'कथा अर्धवट सुटते', 'पुढचं डीएलसीत असणार' असं अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं असेल तर थांबा. मल्टिप्लेअर गेम असेल तर वेगळा प्रश्न विचारा: डीएलसी न घेणाऱ्याला बाकीच्यांबरोबर खेळता येतं का? नवे नकाशे फक्त पैसे भरणाऱ्यांसाठी असतील तर खेळाडूंचे दोन गट पडतात, आणि काही महिन्यांनी दोन्ही गटांना सामना जुळायला वाट बघावी लागते.

पायरी ३: तासाचा भाव काढा, पण त्यावर निर्णय सोडू नका

नव्या गेमरला सगळ्यात आधी शिकवला जातो तो हिशोब म्हणजे किंमत भागिले तास. हाउलाँगटूबीट या साइटवर बहुतेक गेम्सना लागणारा वेळ खेळाडूंनीच नोंदवलेला असतो: फक्त मुख्य कथा, कथा आणि बाजूची कामं, आणि सगळं काही, असा तीन प्रकारे. तिथे जरूर बघा. पण बघायचं ते तुमच्याकडे तेवढा वेळ आहे का हे समजण्यासाठी. गेम चांगला की वाईट हे तिथे कळणार नाही.

हा भाव फसवा का आहे ते सांगतो. 'जर्नी' हा २०१२ चा गेम सुमारे दोन तासांत संपतो. २००७ चा 'पोर्टल'ही एका संध्याकाळचा गेम. दोन्हींमध्ये एकही मिनिट वाढवता आलं असतं असं वाटत नाही. दुसरीकडे शंभर तासांचे गेम्स आहेत ज्यांत नकाशावर शेकडो खुणा टाकलेल्या असतात आणि प्रत्येक खुणेवर तेच काम: बुरुजावर चढा, छावणी साफ करा, पेटी उघडा. खेळाडू तासांवर पैसे मोजायला लागला की निर्माते तास भरायला लागतात. मग कथा ताणली जाते, पातळी वाढवायला तीच लढाई पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि नंतर तोच कंटाळा चुकवण्यासाठी 'गुण दुप्पट करा'चं पॅक विकायला येतं. वेळ वाचवणारी डीएलसी दिसली की मला हीच शंका आधी येते. गेम खेळायला मजा येत असेल तर तो कमी खेळण्यासाठी कोणी पैसे का देईल? असं पॅक विकत घेऊ नका, आणि ते विकायला ठेवलेल्या गेमचे रिव्ह्यू जरा जास्त बारकाईनं वाचा.

पायरी ४: आकडा कुठून आला ते समजून घ्या

२००५ च्या सुमारास एक्सबॉक्स ३६० बरोबर मोठ्या गेम्सची किंमत ५० डॉलरवरून ६० वर गेली आणि तिथे जवळपास १५ वर्षं राहिली. २०२० मध्ये नव्या कन्सोल्सबरोबर ७० झाली. २०२५ मध्ये निन्टेन्डोनं 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला आणला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनंही 'द आउटर वर्ल्ड्स २' ८० ला जाहीर केला, पण विरोध झाल्यावर किंमत ७० वर आणली. खर्च वाढलाय हे खरंच आहे. २०२३ मध्ये एका खटल्यातल्या कागदपत्रांतून 'द लास्ट ऑफ अस पार्ट २'चा निर्मितीखर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचं बाहेर आलं. शिवाय तुम्ही दिलेल्या पैशातला साधारण ३० टक्के वाटा स्टीम (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) किंवा कन्सोल कंपनी ठेवते. स्टीमवर विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की तो २५ टक्के होतो आणि पाच कोटींच्या वर गेली की २०. एपिकचं दुकान जास्तीत जास्त १२ टक्के घेतं.

हे कळलं की मोठ्या कंपनीच्या किमतीवर विनाकारण राग येत नाही. पण खर्च जास्त झाला म्हणून गेम तुमच्यासाठी जास्त मोलाचा होत नाही, हेही तितकंच खरं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आलेला 'सिल्कसाँग' घ्या. आधी तो 'हॉलो नाइट'ची डीएलसी म्हणून ठरला होता, वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला, आणि टीम चेरीच्या मोजक्या माणसांनी तो २० डॉलरला विकला. मूळ 'हॉलो नाइट' १५ डॉलरचा होता आणि त्याला चार डीएलसी फुकट मिळाल्या होत्या. २०१६ पासून १५ डॉलरलाच मिळणाऱ्या 'स्टारड्यू व्हॅली'त आजवर आलेली सगळी भर फुकट आहे. हे सगळ्यांना परवडेल असं नाही. चार जणांच्या टीमला जे जमतं ते शेकडो लोकांचे पगार देणाऱ्या स्टुडिओला जमत नाही. नव्या माणसानं यातून एवढंच घ्यावं की कमी किमतीचा गेम म्हणजे हलका गेम, हे गणित मनातून काढून टाकावं.

पायरी ५: एक्स्पान्शन कधी घ्यायचं

नियम सोपा आहे. बेस गेमबरोबर एक्स्पान्शन घेऊ नका. बेस गेम खेळा, आवडला तर पुढे जा. पहिल्या पाच तासांत सोडून दिलेल्या गेमची दोन एक्स्पान्शन्स लायब्ररीत पडून राहणं हा नव्या गेमरचा सगळ्यात नेहमीचा खर्च आहे.

दुसरं, एक्स्पान्शनपर्यंत तुम्ही पोचला आहात का ते बघा. 'एल्डन रिंग'चं 'शॅडो ऑफ द एर्डट्री' हे २०२४ चं एक्स्पान्शन ४० डॉलरचं आहे आणि आकारानं ते एखाद्या स्वतंत्र गेमएवढं आहे. पण त्यात शिरायचं तर आधी बेस गेममधले राडान आणि मोग हे दोन बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, हरवावे लागतात. मोगपर्यंत पोचायलाच नव्या खेळाडूला आठवडे लागू शकतात. तोवर रिफंडची मुदत संपलेली असते, कदाचित एखादा सेलही येऊन गेलेला असतो. काही एक्स्पान्शन्स याउलट कुठूनही सुरू होतात. काहींमध्ये मेनूतूनच तयार पात्र घेऊन उडी मारता येते. 'हे एक्स्पान्शन कधी उघडतं' एवढं शोधल्याशिवाय पैसे भरू नका.

तिसरं, यंत्र आणि दुकान जुळतंय का. 'सायबरपंक २०७७'चं 'फँटम लिबर्टी' हे एक्स्पान्शन २०२३ मध्ये आलं, पण पीएस४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आलंच नाही. ज्यांनी गेम त्या कन्सोल्सवर घेतला होता त्यांच्यासाठी रस्ता बंद झाला. तसंच एपिकवर फुकट मिळालेल्या बेस गेमला स्टीमवर सेलमध्ये घेतलेली डीएलसी चालत नाही. दोन्ही एकाच दुकानातली असावी लागतात. प्लेस्टेशनवर डिस्क एका विभागाची आणि डीएलसी दुसऱ्या विभागाच्या खात्यावरून घेतलेली, असं झालं तरी ती चालत नाही. डिस्क कुठली आहे ते डब्याच्या पाठीवर बघून घ्या.

स्टीमवर प्रत्येक डीएलसीचे वेगळे रिव्ह्यू असतात. फक्त टक्केवारी पाहू नका, कारणं वाचा. 'शॅडो ऑफ द एर्डट्री'ला पहिल्या दिवसांत स्टीमवर संमिश्र रिव्ह्यू मिळाले होते. त्यातले कित्येक अवघडपणाबद्दल आणि पीसीवर गेम अडखळण्याबद्दल होते, आशय कमी असल्याबद्दल नव्हते. अवघड गेमच हवा असणाऱ्याला त्यातली पहिली तक्रार म्हणजे शिफारस वाटेल. दुसरी तक्रार मात्र तुमच्या पीसीसाठी महत्त्वाची आहे.

सीझन पासबद्दल थोडक्यात. न बनलेल्या गोष्टींचे पैसे आधी द्यायचे असतील तर त्यात काय येणार आणि साधारण कधी, हे छापील स्वरूपात समोर असलं पाहिजे. २०२४ च्या अखेरीस स्टीमनं तर कंपन्यांना हेच बंधन घातलं: पासमधल्या प्रत्येक डीएलसीचं वर्णन द्या, अंदाजे वेळ सांगा, आणि ठरलेलं दिलं नाही तर खेळाडूला भरपाई मिळेल. इतर दुकानांवरही हाच कस लावा. 'तीन रोमांचक विस्तार' एवढंच लिहिलेलं असेल तर पैसे खिशात ठेवा.

पायरी ६: डीएलसीचा डोंगर असलेले गेम्स

काही गेम्सची पूर्ण बेरीज बघून नवा माणूस पळून जातो. पॅराडॉक्सचे इतिहासावरचे स्ट्रॅटेजी गेम्स, 'द सिम्स ४', अशा गेम्सना दहा-दहा वर्षं डीएलसी येत राहतात. सगळं एकत्र घ्यायचं म्हटलं तर आकडा शेकडो डॉलरमध्ये जातो.

पण हा डोंगर एकदम चढायचा नसतोच. 'द सिम्स ४'चा बेस गेम २०२२ च्या ऑक्टोबरपासून फुकट आहे, 'क्रुसेडर किंग्स २'चा २०१९ पासून. आधी तो खेळा. महिनाभरानं तुम्हाला स्वतःलाच कळेल की हात कुठे अडतोय: सिम्समध्ये पाळीव प्राणी हवेत की ऋतू, स्ट्रॅटेजीत व्यापार उथळ वाटतोय की युद्ध. त्या एका उणिवेची एक डीएलसी घ्या आणि ती वापरून संपेपर्यंत दुसरीकडे बघू नका. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४'सारख्या गेमला महिन्याचं सबस्क्रिप्शनही आहे, ज्यात सगळ्या डीएलसी उघडतात. एक महिना घेऊन कोणती खरंच वापरली जाते ते पाहायला ते उत्तम. आणखी एक गोष्ट नव्यांना बहुधा माहीत नसते: पॅराडॉक्सच्या या गेम्समध्ये मित्रांबरोबर खेळताना यजमानाकडच्या डीएलसी सगळ्यांना चालतात. चौघांत एकानं घेतलं तरी भागतं.

तरी माझा एक आक्षेप आहे, आणि तो ठाम आहे. बेस गेममधली एखादी यंत्रणा अडचणीची ठेवायची, आणि ती सुसह्य करणारं बटण डीएलसीत विकायचं, हे चूक आहे. नवं राज्य, नवा काळ, नवी कथा विका. सोय विकू नका. रिव्ह्यूमध्ये 'ही डीएलसी घेतल्याशिवाय खेळूच नका' असं वाक्य वारंवार दिसलं तर ती डीएलसीची स्तुती नसून बेस गेमची तक्रार आहे, असं समजा.

पायरी ७: गेममधलं चलन आणि लूट बॉक्स

फुकट गेम्समध्ये किंमत दिसत नाही, कारण ती रत्नं, नाणी किंवा बक्स यांच्यात लिहिलेली असते. हे मधलं चलन मुद्दाम ठेवलेलं असतं. वस्तू ८०० नाण्यांची, आणि नाण्यांची पाकिटं ५०० आणि १००० ची. मग २०० उरतात, आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढची खरेदी होते. यावर एकच उपाय लागू पडतो: प्रत्येक वस्तूची किंमत खऱ्या पैशात लिहून काढा, तीही तुम्हाला जे पाकीट घ्यावं लागेल त्याच्या किमतीत. वरच्या उदाहरणात त्या वस्तूची किंमत १००० नाण्यांएवढी आहे.

लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल हे माहीत नसलेली पेटी, तिला रास्त किंमत असूच शकत नाही असं मी मानतो. काय घेतोय हे माहीत नसताना किंमत कशी पारखणार? २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये पूर्ण किंमत देऊनही ताकद पेट्यांमधून मिळत होती. इतका रोष झाला की गेम बाजारात यायच्या तोंडावर गेमची कंपनी ईएनं खऱ्या पैशांची खरेदी थांबवली. पुढच्या वर्षी बेल्जियमच्या जुगार आयोगानं अशा पेट्या तिथल्या कायद्यानुसार जुगारात मोडतात असा निर्वाळा दिला. घरात लहान मुलं खेळत असतील तर कन्सोल किंवा फोनच्या सेटिंगमध्ये खरेदीला पासवर्ड लावा, हे काम आजच करा. 'फोर्टनाइट'मध्ये बटणांच्या रचनेमुळे नकळत खरेदी होत असल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबर २०२२ मध्ये तडजोड झाली, आणि ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायचं त्या गेमची कंपनी एपिकला मान्य करावं लागलं.

पायरी ८: घेतलेलं उद्या राहील का

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये 'डेस्टिनी २'मधून मूळ मोहीम आणि पहिली दोन एक्स्पान्शन्स काढून टाकली गेली. ज्यांनी ती पैसे देऊन घेतली होती त्यांच्याकडूनही. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले. एकट्यानं खेळायलाही सर्व्हर लागत असल्यानं बेस गेम आणि त्याची दोन एक्स्पान्शन्स, सगळंच गेलं. डिजिटल दुकानात तुम्ही घेता तो वापराचा परवाना असतो. स्टीम आता पैसे भरण्याच्या पानावर हे लिहूनच दाखवतं.

म्हणून पान वाचताना 'कायम इंटरनेट लागतं' ही ओळ शोधा. ती असेल तर पूर्ण किंमत देण्याआधी दोनदा विचार करा, कारण त्या गेमचं आयुष्य तुमच्या हातात नाही. जीओजी या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवता येते. एकट्यानं खेळायचा, पुन्हा पुन्हा खेळावासा वाटेल असा गेम तिथे मिळत असेल तर मी तिथलाच सुचवेन, थोडा महाग पडला तरी.

पायरी ९: थांबा, भाव बघा, आणि रिफंडचे नियम पाठ करा

स्टीमडीबी किंवा इजदेअरएनीडील यांवर गेमची किंमत आजवर कुठवर उतरली ते दिसतं. सध्याचा सेल खरा की नेहमीचाच, हे तिथे एका नजरेत कळतं. गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा, किंमत उतरली की कळवतात. दोन-तीन वर्षं जुन्या गेमची सगळ्या डीएलसींसकट पूर्ण एडिशन अनेकदा मूळ बेस गेमपेक्षा स्वस्त मिळते. सगळेच असं करत नाहीत. 'फॅक्टोरिओ' कधीच सेलवर नसतो. २०२३ मध्ये तर त्याची किंमत ३० वरून ३५ डॉलर केली गेली. तिथे वाट बघून काही मिळणार नाही, फुकट डेमो खेळून ठरवा.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. डीएलसीच्या बाबतीत ती घेतल्यानंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असावा लागतो. म्हणजे एक्स्पान्शन आज घेऊन बेस गेमच खेळत बसलात तर एक्स्पान्शन न बघताच तुमचे दोन तास संपतात. लवकर खेळायला मिळालेले तासही यात धरले जातात. जीओजी ३० दिवस देतं, खेळून झाल्यावरही. प्लेस्टेशनवर १४ दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की हक्क गेला, त्यामुळे तिथे आपोआप डाउनलोड होण्याचं सेटिंग बंद ठेवा. निन्टेन्डोच्या दुकानात पैसे भरले की सहसा परत मिळत नाहीत.

आणि पूर्ण किंमत देऊन गेम घेतल्यावर दोन दिवसांत तोच सेलवर आला, तर स्टीमवर रिफंड मागून सेलच्या किमतीत तो पुन्हा घ्या. याला आम्ही गैरवापर मानत नाही, असं त्यांच्या नियमातच लिहिलेलं आहे.